अनसाबाईचं जायफळ

"आता एकच गोळी, जगदेवी. दिवसातून एकदा, रात्री झोपताना." नेत्राबाईनं पांढरी बाटली टेबलावर ठेवली आणि झाकणावर बोट टेकवलं. "तिन्ही औषधं हिच्यातच आहेत. सकाळ-संध्याकाळची कटकट गेली."

जगदेवीला हसू फुटलं. बिदरच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या खोलीत सहसा कुणी हसत नाही. बाहेरच्या बाकावरची माणसं तोंडाला रुमाल लावून, गावचं कुणी दिसेल म्हणून भिंतीकडं तोंड करून बसलेली असतात. नेत्राबाई तिथं एचआयव्हीच्या माणसांना औषधं समजावून सांगायच्या कामाला होती. ती जरा बघत राहिली आणि मग तिलाही हसू आलं.

"अनसाबाई आठवल्या ना?"

"व्हय बाई. आत्या असती तर तिनं पयलं हेच इचारलं असतं, घासायची का गिळायची?"

दोघी पोटभर हसल्या. मग नेत्राबाईनं डोळे पुसले आणि जरा गंभीर होऊन म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. ह्या गोळीनं सुरुवातीला झोप फार येते, गरगरतं. आणि स्वप्नं पडतात. साधीसुधी नाही, अगदी समोर घडतंय अशी. कुणाकुणाला गेलेली माणसंसुद्धा दिसतात. घाबरू नका. महिन्याभरात कमी झालं नाही तर सांगा, गोळी बदलता येते."

"झोप येती म्हंजी," जगदेवी बाटली पिशवीत घालत म्हणाली, "आत्ता कुठं खरं जायफळ निघालं म्हना की." नेत्राबाईला त्यातलं निम्मंच कळलं. ते पुरतं कळायला अनसाबाईच्या दारात पाच-सहा वर्षं काढावी लागतात.

भालकीची बस लागलेली होती. जगदेवीला खिडकीची जागा मिळाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीनची काढणी चाललेली होती, तुरी पिवळ्या फुलांनी भरायला लागल्या होत्या. तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि बस हलली तसं तिचं मन मागं मागं जायला लागलं.

अनसाबाई म्हणजे जगदेवीची सासू, आणि त्याच्याही आधी सख्खी आत्या. संतपूरच्या धनगराची लेक, भालकी तालुक्यातल्या मेहकरला लिंगाप्पाच्या घरी दिलेली. तेव्हा लिंगाप्पाची मेंढरं होती आणि संसार घोड्याच्या पाठीवर होता. आज ह्याच्या रानात तळ, उद्या त्याच्या. अशाच एका तळावर अनसाबाईची पहिली दोन लेकरं गेली. एक पोट फुगून, एक हगवणीनं. दुसरं गेलं तेव्हा मेंढरं हळ्ळीखेडच्या शिवारात बसलेली होती. तिथल्या बाजारात मुळ्या विकायला बसणाऱ्या एका म्हातारीनं तिला जवळ घेतलं, रडू दिलं आणि मग बाळगुटी शिकवली. हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, सुंठ, जायफळ. एकेक वस्तू ओल्या सहाणेवर गोल फिरवायची. एकदा फिरवली की एक वेढा. कुठल्या लेकराला कशाचे किती वेढे, हे त्याच्या वयावर आणि पोटावर. सगळं एकत्र करायचं, मधाचा थेंब घालायचा आणि बोटानं चाटवायचं.

"येगयेगळं दिलं तर लेकरू थुकून टाकतं," ती म्हणायची. "एका बोटावर आलं की झक मारत गिळतं."

पुढं तिला रविकुमार झाला आणि गुटीवर वाढला. लेकराच्या शाळेपायी अनसाबाईनं गावात घर धरलं. मेहकरातली दुसरी लेकरंही तिच्याच गुटीवर वाढायला लागली. सकाळी तिच्या दारात बायका लेकरं घेऊन बसलेल्या असत आणि अनसाबाई पाय पसरून, एकेकाला पायांवर आडवं घेऊन, त्याच्या आजीला शिव्या घालत गुटी चाटवत असे. तिला तीन भाषा येत. घरात मराठी, बाजारात कन्नड, कापडवाल्या चाचांशी दखनी. शिव्या मात्र फक्त कन्नडमध्ये, कारण तिच्या मते मराठीतली शिवी पोकळ निघते. गुटीचे तिनं कधी काही घेतले नाहीत. कुणी सुपारी दिली तर ती मात्र सोडत नसे.

रविकुमारच्या नावातला 'कुमार' शाळेतल्या मास्तरांनी लावला. नावात कुमार आला तसा पोरगा मेंढरांमागं जायला लाजायला लागला. ते दिवसच तसे होते. हुमनाबादच्या हायवेवर नव्या नव्या लॉऱ्या धावायला लागल्या होत्या, मुंबईहून हैदराबादला, हैदराबादहून मुंबईला. गावोगावची पोरं त्या रस्त्याला लागली. रविकुमार आधी क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. अनसाबाईनं संतपूरला जाऊन भावाच्या उंबऱ्यावर बसून त्याची जगदेवी मागून आणली. "पोर न्हाई दिलीस तर पानी घेत न्हाई तुज्या घरचं," असं म्हणाली होती म्हणे. रविकुमार घरी येताना काही ना काही घेऊन यायचा. एकदा मिक्सर घेऊन आला. अनसाबाईनं त्याला हळदकुंकू लावलं आणि वर माळ्यावर ठेवून दिला. "ह्यात येढे कसे मोजू रे?" म्हणाली.

रूपा झाली, पाच-सहा वर्षांची झाली, आणि रविकुमार खंगायला लागला. कुणी कावीळ म्हणालं, कुणी बाहेरचं म्हणालं. तो गेला. पोराच्या मागोमाग वर्षाच्या आत लिंगाप्पाही गेला. आणि मग जगदेवीला ताप यायला लागला. बिदरला रक्त तपासलं तेव्हा रोगाचं नाव कळलं. रूपाचं रक्त चांगलं निघालं, एवढाच काय तो दिलासा. डॉक्टरनी सगळं सांगितलं, तो रविकुमारकडून आला तेही सांगितलं. अनसाबाई उठून बाहेर गेली आणि व्हरांड्यात खांबाला धरून उभी राहिली. जगदेवी तिच्यामागं आली तर ती स्वतःशीच बोलत होती. "मीच मागून आनली. मीच मागून आनली पोरीला."

त्या दिवसापासून अनसाबाईच्या आयुष्यात एकच काम उरलं. भावाची पोर जगवायची, आणि रोगाचा गावाला पत्ता लागू द्यायचा नाही. लागला तर तिच्या पायांवर लेकरू कोण ठेवणार?

उदगीरच्या एका डॉक्टरनं औषध सुरू केलं. तीन वेगवेगळ्या गोळ्या. एक उपाशीपोटी, एक जेवल्यावर, एक झोपताना. एकीचा वास उग्र, एक मोठी चपटी, एक वाटोळी. त्या ठेवायच्या कुठं आणि घ्यायच्या कशा, हाच मोठा प्रश्न. दारात सदा बायकांचा राबता. पण अनसाबाई कसली हार जाते! तिनं तिन्ही गोळ्या आपल्या गुटीच्या बटव्यात टाकल्या. गुटीच्या बटव्यात काय आहे, हे कोण विचारणार? मग तिनं त्यांची बारशी केली. उग्र वासाची ती वेखंड. चपटी ती हिरडा. आणि झोपतानाची वाटोळी ती जायफळ, कारण झोपेला जायफळच देतात.

झालं. आता चारचौघींत ओरडायला ती मोकळी. जगदेवी शेतात निघाली की मागून हाक यायची, "जगदेवे, येखंड घेतलीस का गं?" आणि दिवेलागण झाली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं, "जायफळ घेतलं का गं?" मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा सगळा प्रकार. पण अनसाबाईला वाटायचं, आपण सगळ्या मेहकराला बनवलंय. त्या आजारपणातही जगदेवीला ह्याचं हसू यायचं आणि अनसाबाई डोळे वटारायची.

पण औषध महाग होतं. मेंढरं एकेक करून गेली. पुढं पुढं तीनातल्या दोनच गोळ्या आणणं व्हायचं, कधी वेखंड नाही, कधी हिरडा नाही. तिन्ही मिळून रोगाला धरतात, दोनांतून तो निसटतो, हे तेव्हा दोघींनाही माहीत नव्हतं. जगदेवीची हाडं वर आली, तोंडात फोड आले, भाकरी दुधात कुस्करून दिली तरी घास उतरेना. तशात कुणीतरी सांगितलं की गुलबर्ग्याच्या सरकारी दवाखान्यात हे औषध फुकट द्यायला लागलेत. अनसाबाईनं उजाडायच्या आत तिला बसमध्ये बसवलं.

तिथं त्यांना पहिल्यांदा नेत्राबाई भेटली. बिदरच्या एका मास्तरांची ही मुलगी तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेली होती. तिनं दोघींना बसवून मराठीत समजावलं. सकाळी एक, संध्याकाळी एक. तिन्ही औषधं एकातच. एकही दिवस चुकवायचं नाही. अनसाबाईनं मान डोलावली. मग त्या औषधाच्या खिडकीपाशी गेल्या. खिडकीतला माणूस मैसूरकडचा. त्यानं बाटली पुढं सरकवली आणि बोट वर करून कन्नडमध्ये म्हणाला, "मूरु औषधी, ओंदे मात्रे." तीन औषधं, एकच मात्रे.

आता आमच्या भागातला कन्नड माणूस गोळीला गुळगी म्हणतो. मात्रे हा तिकडचा, पुस्तकातला शब्द. अनसाबाईच्या कन्नडमध्ये तो नव्हताच. तिच्या कानांनी तो मराठीतून ऐकला. बाहेर येताच तिनं जगदेवीचं मनगट धरलं.

"ऐकलीस का? गुळगी न्हाई म्हनला त्यो. मात्रा म्हनला, मात्रा!"

"तिकडं तसंच म्हनत असतील, आत्या."

"मला कन्नड शिकवायलीस? गुळगी ती गुळगी आन मात्रा ती मात्रा. तीन दवा एका मात्रेत. अगं, ही गुटीच की! आत्ता कुठं ह्या डाक्टर लोकांना अक्कल आली."

आणि मात्रा कुणी गिळत नाही. मात्रा सहाणेवर उगाळतात. नेत्राबाईनं सगळं सांगितलं होतं, फक्त 'गिळा' एवढं म्हटलं नव्हतं. म्हणेल तरी कशाला? गोळी गिळायची असते हे सांगायला कोण बसतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी अनसाबाईनं सहाण धुतली, बाटलीतली एक गोळी काढली आणि पाण्याच्या थेंबावर फिरवली. "थोर मानसाला चार येढे लई झाले. दवा कडक असती." मध घातला आणि बोट जगदेवीच्या तोंडाशी नेलं. उरलेली गोळी फडक्यानं टिपून डबीत ठेवली, संध्याकाळच्या चार वेढ्यांसाठी. उद्या खिडकीतला माणूस नाही म्हणाला तर? मेंढरं गेली तशी बाटलीही गेली तर? गाठीला असलेलं बरं. औषध संपण्याची भीती तिच्या हाडात शिरली होती.

जगदेवीनं विरोध केला नाही. फोडांमुळं काही गिळायचं म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि हे तर नुसतं जिभेवर विरघळायचं. पण खरं कारण ते नव्हतं. रोगाचं नाव कळल्यापासून तिनं स्वतःच स्वतःचं ताट वेगळं केलं होतं. रूपाला जवळ घ्यायला ती भ्यायची. तिच्या पाण्याच्या तांब्याला कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. आणि इथं आत्या तिचं डोकं मांडीवर घेऊन, फोडांनी भरलेल्या तिच्या तोंडात बोट घालून मध चाटवत होती, जसा जगदेवी जन्मली तेव्हा संतपूरला येऊन चाटवला होता. चाटवताना ती कन्नडमध्ये पुटपुटायची, "देवा, हिला राहू दे." शिव्यांची भाषा तिनं त्या दिवसांपुरती देवाला दिली होती. त्या महिन्याइतकं सुख जगदेवीला पुढं कधी लाभलं नाही, आणि त्याच महिन्यात ती रोज थोडी थोडी मरणाकडं सरकत होती. हे दोन्ही खरं आहे. बसच्या खिडकीला डोकं टेकवून तिला आज आठवत होतं ते मात्र मधाचं बोट.

महिन्यानं दोघी पुन्हा गुलबर्ग्याला गेल्या. जगदेवी अजून वाळली होती, ताप परत आला होता. नेत्राबाईनं उरलेल्या गोळ्या बघायला बाटली पालथी केली तर गोळ्यांचा ढीग पडला.

"एवढ्या उरल्या कशा?"

अनसाबाईची छाती फुगली. "काटकसर केली बाई." तिनं कमरेची डबी काढून उघडली. आत झिजलेल्या साबणाच्या वड्यांसारखे तुकडे होते. मग तिनं सहाण, वेढे, मध, सगळं सांगितलं. अगदी रंगात येऊन सांगितलं.

नेत्राबाईच्या तोंडचा रंग उडाला. तिनं डबी हातात घेतली आणि हळू आवाजात म्हणाली, "अनसाबाई, ही उगाळायची नसते हो. अख्खी गिळायची. तीन औषधं मापून एकत्र केलीत, ती तिन्ही पुरती पोटात गेली तरच रोग दबतो. थोडं थोडं दिलं तर तो मरत नाही, उलट औषधाला ओळखायला लागतो. मग पुढं हे औषध त्याच्यापुढं चालत नाही." अनसाबाईचा चेहरा बघून तिनं घाईघाईनं म्हटलं, "तुमचा दोष नाही. गिळा म्हणून आम्हीच सांगायला हवं होतं. आजपासून नीट द्या. चार-सहा महिन्यांनी रक्त तपासू, तेव्हा कळेल औषध अजून चालतंय का ते."

पुढचं अनसाबाईनं ऐकलंच नाही. परतीच्या वाटेवर हळ्ळीखेडच्या फाट्याला बस थांबली, तिथंच त्या म्हातारीनं तिला गुटी शिकवली होती. अनसाबाईनं पदर पुढं ओढून तोंड झाकून घेतलं आणि बस निघेपर्यंत तशीच बसून राहिली.

घरी आल्यावर तिनं सहाण घासून धुतली आणि जात्याच्या मागं पालथी घातली. बाटली जगदेवीच्या हातात दिली. "तुजी तू घे. माज्या हातानं आता कुनाला काय न्हाई."

"आत्या, असं कामून करायलीस?"

"माज्या हातात गुन न्हाई राह्यला. दोन तळावर घातली, तिसरी तू."

सकाळी शेजारच्या सावित्रीबाईची सून लेकरू घेऊन आली. अनसाबाईनं तिला दारातूनच परत पाठवलं. गल्लीत कुजबुज सुरू झाली, म्हातारीला काय झालं म्हणून. आणि घरात वेगळंच युद्ध पेटलं. जगदेवीनं बाटली उघडलीच नाही.

"तू दिल्याबिगर मी घेत न्हाई."

"मरशील की गं!"

"मग मरू दे."

नेत्राबाईनं बजावलं होतं की आता एकही गोळी चुकवू नका. संध्याकाळची चुकली. सकाळची चुकली. दोघी एकाच रक्ताच्या, आत्या तशी भाची, कोण कुणाला हार जाणार? रूपा बिचारी एकदा आजीच्या तोंडाकडं बघायची, एकदा आईच्या. बाटली चुलीजवळच्या फळीवर तशीच उभी.

दुपारच्या वक्ताला सावित्रीबाई स्वतः आली. नातू कमरेवर, रडून रडून लालबुंद झालेला. तिनं उंबऱ्यावरच बैठक मारली.

"अनसाक्का, कामून गुटी देईनास?"

"जा बाई तू. माज्या घरात दुखनं हाय." बोलून गेल्यावर अनसाबाईनं जीभ चावली. इतकी वर्षं जे जपलं ते तोंडातून निसटलं होतं.

"ते ठावं हाय की," सावित्रीबाई म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"अगं, तिनी सांजा गल्लीभर वरडतीस, जायफळ घेतलं का, जायफळ घेतलं का. रोज जायफळ कोन खातं का? खाल्ली असती तर पोरगी उटलीच नसती! गल्लीतल्या बायका काय येड्या हाईत व्हय?"

अनसाबाई तिच्यापुढं खाली बसली. "म्हंजी कवापासून ठावं हाय?"

"रवी गेला तवाच वळखलं व्हतं. तुज्या जायफळानं पक्कं झालं."

"मग लेकरं कामून आनत व्हतीस माज्याकडं?"

"लेकराचं पोट दुखतंय म्हनून आनते. तुज्या घरातलं दुखनं बघायला न्हाई येत." सावित्रीबाईनं नातू तिच्या पायांवर टाकला. "दे आता. कान किटले माजे."

दोन-तीन घरांनी येणं सोडलं होतं हे खरं. त्या बायका चिकट आहेत, सुपारी वाचवतात, असं अनसाबाई म्हणायची. सगळा गाव काही चांगला नव्हता. पण झाकली मूठ म्हणून जी तिनं एवढी जपली, ती कधीचीच उघडी होती, आणि त्या उघड्या मुठीतही सावित्रीबाईसारख्या बायका आपली लेकरं ठेवत आल्या होत्या. अनसाबाई ओक्साबोक्शी रडली. पायांवरचं लेकरू आणि ती, दोघंही एकदमच रडत होती, आणि सावित्रीबाई उंबऱ्यावर बसून सुपारी कातरत होती.

मग अनसाबाईनं जात्यामागची सहाण काढली. एकही वेढा चुकला नाही. लेकरू शांत झालं. सावित्रीबाई गेल्यावर तिनं सहाण धुतली, पदरानं कोरडी केली, पुन्हा पुसली, हात फिरवून ओल नाही ना बघितलं. फळीवरची बाटली घेतली. एक गोळी काढून त्या कोरड्या दगडावर मधोमध ठेवली आणि सहाण जगदेवीपुढं सरकवली.

"गीळ. अख्खी."

जगदेवीनं गोळी उचलली आणि पाण्याबरोबर गिळली. घशात काटे टोचल्यासारखं झालं, डोळे भरून आले. तेवढ्यात अनसाबाईचं बोट पुढं आलं, त्यावर मधाचा थेंब. "दवा येगळी, मध येगळा," ती म्हणाली. "आता गफलत न्हाई."

त्यानंतरचे महिने कसे गेले ते त्या दोघींनाच ठाऊक. गोळीची वेळ झाली की अनसाबाई हातातलं काम टाकून कोरडी सहाण घेऊन हजर. पण औषध चालतंय का रोगानं ते ओळखलंय, हे कळायला वाट बघण्यावाचून उपाय नव्हता. अनसाबाई रोज जगदेवीचं मनगट आपल्या चिमटीत धरून बघायची, जाड झालं का म्हणून. तपासणीचा दिवस आला. नेत्राबाई कागद घेऊन खोलीतून बाहेरच धावत आली. रक्तातली ताकद वाढली होती, चांगली वाढली होती.

"मात्रा लागू पडली म्हना की!" अनसाबाई म्हणाली. आणि नेत्राबाईला, त्या शिकल्यासवरल्या पोरीला, तिनं सगळ्यांदेखत जवळ ओढून कडकडा बोटं मोडली.

पुढं बिदरला औषधाचं केंद्र निघालं, नेत्राबाईही आपल्या गावी आली, हेलपाटा कमी झाला. तीन गोळ्यांची एक झाली होती, त्यामुळं वेखंड आणि हिरडा ही नावं मागं पडली. जायफळ तेवढं राहिलं. आता ते लपवायचंही कारण उरलं नव्हतं, पण अनसाबाईची सवय कुठली जाते! दिवेलागणीला हाक यायचीच. कधी तिला शेतातून यायला उशीर झाला, तर भिंतीपलीकडून सावित्रीबाईच ओरडायची, "जगदेवे, जायफळ घेतलं का गं?" आणि सगळी गल्ली हसायची. जगदेवी उभी राहिली, खुरपायला जायला लागली, रूपाला तिनं शाळा सोडू दिली नाही. ते दिवस आठवले की जगदेवीला वाटतं, रोग होता, दारिद्र्य होतं, पण घर भरलेलं होतं.

अनसाबाई गेली ती हुरड्याच्या दिवसांत. दोन दिवस पडून होती, वाचा गेली होती. शेवटच्या संध्याकाळी तिनं फळीकडं बोट केलं. जगदेवीला कळेना, पाणी हवं की काय. मग कळलं.

"घेतलं आत्या, जायफळ घेतलं," ती म्हणाली. खोटं बोलली होती, त्या धावपळीत राहूनच गेलं होतं. अनसाबाईनं बोट खाली घेतलं नाही. इतकी वर्षं हाक मारून मारून तिला खरंखोटं ओळखता येत होतं. जगदेवीनं कोरडी सहाण आणली, तिच्यासमोर गोळी ठेवली आणि गिळली. तेव्हा कुठं तो हात खाली आला.

त्याला आता दोन वर्षं होत आली. सावित्रीबाई लेकाकडं पुण्याला गेली, तिच्या घराला कुलूप आहे. रूपा भालकीच्या कॉलेजात जाते, हॉस्टेलवर असते, तिनं आईच्या मोबाईलमध्ये गजर लावून दिलाय. वेळ झाली की तो वाजतो. तो चुकत नाही, पण विचारत काही नाही.

नव्या गोळीला महिना झाला तशी जगदेवी पुन्हा बिदरला आली. नेत्राबाईनं बाटली पालथी करून बघितली, हिशेब बरोबर होता.

"गरगरतं का?"

"पयल्या आठवड्यात जरा. आता न्हाई."

"आणि स्वप्नं? पडतात?"

"पडत्यात की. रोज."

"कसली?"

जगदेवीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आत्या येती बाई. दारात पाय पसरून बसती, सहाण घेऊन. मी म्हनते, आत्या, घासू नगं, गिळायची हाय. ती म्हनती, ठावं हाय गं, मला काय शिकवायलीस? मंग इचारती, जायफळ घेतलं का. मी म्हनते, घेतलं. मंग जाग येती."

नेत्राबाईनं गोळ्या पुन्हा बाटलीत भरल्या. मग तिनं समजुतीनं विचारलं, "झोप मोडते ना रोज? महिना झाला तरी कमी नाही. डॉक्टरांना सांगून दुसरी गोळी देता येईल, जिनं स्वप्नं पडत नाहीत. बदलू या का?"

जगदेवीनं टेबलावरची बाटली दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढून घेतली.

"नगं बाई. बदलू नगा. आता मला इचारनारं तेवढंच एक मानूस राह्यलंय."